‘लाय ऑफ द लँड’ला आपल्या वावरातला शब्द कोणता?

तिफण
मंडळी, शेतकरी गटांसाठी पाणलोटाच्या कामाची एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणायची आहे. पहिल्याच पानावर ‘लाय ऑफ द लँड’ हा वाक्प्रचार आडवा आला. ब्रिटिश लोक ‘लाय’ म्हणतात, अमेरिकन ‘ले’, अर्थ एकच. शब्दशः पाहिलं तर जमीन कशी पसरली आहे, चढ कुठं, उतार कुठं. लाक्षणिक अर्थ असा की कामाला हात घालण्याआधी तिथली खरी परिस्थिती काय, कोण कुठं उभं आहे, अडचण कुठून येणार, हे नीट समजून घेणं.

गंमत अशी की पुस्तिकेत दोन्ही अर्थ एकाच वाक्यात आहेत. बांध घालण्याआधी वावराचा ‘लाय’ पाहा, गावाचाही पाहा. ‘परिस्थितीचा अंदाज घ्या’ लिहिलं तर जमीन सुटते. ‘भूरचना अभ्यासा’ लिहिलं तर माणसं सुटतात, शिवाय पारावर बसून कोणी असं बोलत नाही.

दोन प्रश्न. एक, दोन्हीला पुरेल असा शब्द आहे का? दोन, आपल्या विदर्भात ‘लाय’ पाहायचा म्हणजे नेमकं काय काय पाहायचं? पुस्तिकेतली उदाहरणं परदेशातली आहेत, ती काढून इथली घालायची आहेत.

कागदफूल
‘रागरंग पाहणे’ सगळ्यात जवळचा. सभेचा रागरंग पाहून बोलावं, असं आपण म्हणतोच. ‘कानोसा घेणे’ यात फक्त कान येतात, डोळे नाहीत. ‘चाचपणी करणे’ म्हणजे आपण हळूच हात लावून पाहतो, समोरच्याला कळू न देता. त्यात थोडा डाव आहे. ‘कोण किती पाण्यात आहे’ हे माणसाची कुवत जोखण्यासाठी. आणि ‘पाणी कुठं मुरतंय’ तर मुळीच नको, तो लबाडी शोधण्याचा शब्द आहे.

वखरवाला
रागरंग मान्साचा असते, ताई. वावराले रागरंग नसते. वावराले कल असते. धुऱ्यावर, म्हनजे वावराच्या हद्दीच्या बांधावर, उभं राहून म्हाताऱ्या मान्साले इचारा, ‘बाबा, वावराचा कल कोन्या अंगानं हाय?’ लगेच हात करून दाखवते. शब्द शोधाले लंडनले काहून जाता?

कागदफूल
वखरवालाभाऊ, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ‘कल’ दोन्हीकडं चालतो! जमिनीचा कल म्हणजे उतार. मुलीचा कल गणिताकडं आहे म्हणजे ओढा. मतमोजणीच्या सकाळी ‘सुरुवातीचे कल’ येतात म्हणजे पारडं कोणाकडं झुकतंय ते. एकाच शब्दात जमीन आणि माणूस. रागरंग मागे घेतला.

सातबारा
शब्द छान आहे, पण अपुरा. कल म्हणजे झुकाव. इंग्रजी शब्दात मांडणीही येते: नाला कुठं, रस्ता कुठून, हद्द कोणाची. आमच्याकडं तर सोपं सूत्र आहे, वावर घेताना उतारा आणि उतार दोन्ही पाहावे. उतारा तलाठ्याकडं मिळतो, उतार पावसात दिसतो. नुसता उतारा पाहणारा फसतो आणि नुसता उतार पाहणाराही.

तिफण
‘उतारा आणि उतार’ हे तर शीर्षकच झालं! सातबारादादा, उताऱ्याकडं नंतर येऊ. आधी उतार नेमका मोजायचा कसा ते कोणी नीट लिहील का? पुस्तिकेत ‘योग्य उपकरणाने’ एवढंच आहे.

नळीपातळी
उपकरण म्हणजे पाण्याची नळी, गवंडी भिंतीची पातळी काढतात तीच. कोणत्याही गटाला परवडते. लिहितो सविस्तर.

पारदर्शक नळी घ्या, आतून ८ ते १० मिलिमीटर, लांबी २० ते २५ मीटर. दीड-दोन मीटरच्या दोन सरळ पट्ट्या घ्या आणि खालून वर सेंटिमीटरच्या खुणा करा. शून्य अगदी बुडाशी हवा. नळीची दोन टोकं दोन पट्ट्यांना बांधा. पाणी भरताना बादली उंचावर ठेवून एका टोकातून ओढा आणि दुसऱ्या टोकातून वाहू द्या, बुडबुडे पूर्ण निघेपर्यंत. पाण्यात चिमूटभर कुंकू किंवा थोडी निळ घातली की उन्हात रेघ दिसते.

पहिलं काम तपासणीचं. दोन्ही पट्ट्या एकाच सपाट फरशीवर शेजारी उभ्या करा. आकडा सारखा यायलाच हवा. नाही आला तर नळीत कुठेतरी बुडबुडा अडकलाय किंवा नळी पिळली आहे. हे केल्याशिवाय वावरात जाऊ नका.

मग एक जण वरच्या खुणेवर, दुसरा खाली २० मीटरवर. दोघांनी एकाच वेळी वाचायचं. ज्याचा आकडा मोठा त्याची जमीन खाली. इथं बहुतेकांचा घोळ होतो, कारण मोठा आकडा म्हणजे उंच जागा असं वाटतं. पाणी दोन्हीकडं एकाच पातळीला असतं, जमीन खाली असली की पट्टीवर पाणी जास्त वर दिसतं. समजा वर ७० आणि खाली १००, फरक ३० सेंटिमीटर, अंतर २० मीटर. उतार दीड टक्का.

चुका नेहमी त्याच होतात. चालताना पाणी सांडू नये म्हणून टोकावर अंगठा ठेवतात आणि वाचताना काढायचा विसरतात. हवा कोंडली की आकडा खोटा. मऊ मातीत पट्टी दोन बोटं खचते, म्हणून बुडाशी चपटा दगड ठेवा. पट्टी तिरपी धरली तरी फरक पडतो. पाण्याची कड नळीत काठाला किंचित वर चढलेली असते, मधला खोलगट भाग वाचा, दोघांनीही तसाच.

पांदण
एवढं कशाला? मोबाइलवर उंची दाखवणारं ॲप आहे की. उपग्रहाचा नकाशा उघडला की शिवाराचा चढउतार दिसतो.

नळीपातळी
शिवाराचा दिसतो, वावराचा नाही. जगभर फुकट मिळणारी उंचीची बहुतेक माहिती साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एक आकडा अशी असते आणि त्या आकड्यात काही मीटरची चूक असू शकते. दोन एकराच्या वावरात आपल्याला ५ सेंटिमीटरचा फरक हवा असतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, साधारणपणे २० मीटर उंचीच्या अंतरानं असतात. आपलं अख्खं वावर दोन रेषांच्या मधे बसून जातं. पाणलोट कुठून सुरू होतो, नाला कुणीकडून वळतो, यासाठी तो नकाशा उत्तम. बांधाच्या आखणीसाठी नळीच.

काळीभोर
नळीपातळी यांचं सगळं बरोबर, पण उतार मोजून लगेच समपातळीवर बांध घालायला धावू नका. आपल्याकडच्या भारी काळ्या मातीत इथंच कामं फसतात.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. मृगाचं पहिलं पाणी भेगांतून थेट खाली जातं, त्यामुळे वाटतं जमीन पाणी पिते आहे. माती फुगली, भेगा मिटल्या, की पाणी मुरणं फार मंदावतं. मग जुलैमधल्या मोठ्या पावसाचं पाणी वरून वाहतं, उतार एक टक्का असला तरी. अशा मातीत अगदी समपातळीवर बांध घातला की पाणी बांधाला आठ-आठ दिवस उभं राहतं. तूर उधळते, म्हणजे उभीच वाळते, सोयाबीन पिवळं पडतं. शिवाय बांधही काळ्या मातीचाच. तो वाळून भेगाळलेला असतो, भेगेतून पाण्याची धार लागते आणि बांध पोटातून फुटतो. वरून पाहणारा म्हणतो पावसानं फोडला.

म्हणून भारी जमिनीत ढाळीचे बांध. बांधालाच बारीक ढाळ द्यायचा, ०.२ ते ०.४ टक्के, म्हणजे पाणी थांबत थांबत कडेच्या सांडव्याकडं, जादा पाणी बाहेर काढायच्या वाटेकडं जातं. २० मीटरला पाव टक्का म्हणजे फक्त ५ सेंटिमीटर. सांडव्याला दगड लावा आणि पाणी नैसर्गिक नाल्यातच सोडा. शेजाऱ्याच्या वावरात सोडलं की पुढचा पावसाळा तहसीलमधे जातो.

समपातळीचे बांध हलक्या, मुरमाड, पाणी पिणाऱ्या जमिनीला आणि कमी पावसाला. यवतमाळकडच्या बरड माळावर चालतील, पूर्णेच्या खोऱ्यात नाही.

वखरवाला
ए आकाराची तिकाटी बी चालते ना भाऊ? दोन लाकडं, एक आडवं, मधात ओळंबा.

काळीभोर
चालते, पण पेरणीच्या ओळी आखायला. पाय दोन मीटर अंतरावर, शेंड्यावरून दोरीला अर्धी वीट. पायांच्या जागी दोन खुंट्या ठोका, दोरी आडव्या लाकडावर कुठं येते तिथं खूण करा. तिकाटी फिरवून पायांची अदलाबदल करा, पुन्हा खूण. दोन खुणांच्या बरोबर मधे समपातळी. ही अदलाबदल न करता मधोमध खिळा ठोकतात आणि सगळी आखणी एका अंगाला सरकते. वारा सुटला की थांबा, दोरी हलते.

ढाळीच्या बांधाला मात्र नको. पाव टक्क्याला दोन मीटरमधे अर्धा सेंटिमीटर येतो, तेवढं तिकाटीवर नेमकं धरता येत नाही.

पांदण
पटलं. ॲप परत खिशात.

पूर्णाकाठ
पूर्णेच्या खोऱ्याचं नाव निघालंच आहे तर एक सांगायला हवं. अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून जाणाऱ्या खारपाणपट्ट्यात उतार आणि माती पाहून भागत नाही. वरून माती इतर काळ्या मातीसारखीच दिसते. फरक आत आहे: सोडियम. तो कण सुटे करतो, माती चिकटते, पाणी खाली जाणं जवळपास बंद होतं.

घरच्या घरी पाहता येतं. वेगवेगळ्या जागेची, वरची आणि दोन फूट खालची, वाळलेली माती आणा. तुरीच्या दाण्याएवढं ढेकळ निवडा, काचेच्या पेल्यात पावसाचं पाणी घ्या, ढेकूळ अलगद सोडा. हलवायचं नाही, ढवळायचं नाही. दहा मिनिटांनी पाहा, दोन तासांनी पाहा, दुसऱ्या दिवशी पाहा.

ढेकूळ फुटून बुडाशी ढीग झाला आणि पाणी नितळ राहिलं, तर चिंता नाही. ढेकळाभोवती दुधासारखं ढग पसरत गेलं आणि दुसऱ्या दिवशीही पेला गढूळ, तर सोडियम आहे. पाणी पावसाचंच का? विहिरीचं पाणी खारं असलं तर त्यातले क्षार मातीचे कण धरून ठेवतात, ढग उठत नाही आणि खराब माती चांगली दिसते. ही चाचणी बोअरच्या पाण्यात करून ‘आमची माती चांगली’ म्हणणारे बरेच भेटतात.

ढग दिसलं तर मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्या. सामू (pH) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण. जिप्सम किती घालायचं ते त्या अहवालावरून ठरतं, शेजाऱ्यानं किती घातलं त्यावरून नाही. निचऱ्याची चर आधी. सुटलेला सोडियम वाहून जायला वाट नसेल तर जिप्समचे पैसे मातीत गेले. आणि या पट्ट्यात विहिरीपेक्षा शेततळं बरं: पाणी पावसाचं, गोडं, आणि चिकण मातीमुळे अस्तराशिवायही पाझर कमी.

तिफण
पेल्याची चाचणी पुस्तिकेत शंभर टक्के जाणार. आता सातबारादादा, उताऱ्याकडं या.

सातबारा
आलोच. वावराचा कल आणि वाटणी यांचा संबंध कोणी बोलत नाही, तो आधी सांगतो.

समजा आठ एकर वावर, १२० मीटर रुंद, २७० मीटर लांब, उतार लांबीच्या दिशेनं. वरचं टोक बरड, खालचं भारी. चार भाऊ. आडवे तुकडे पाडले तर एकाला सगळं बरड, एकाला सगळं भारी. न्याय म्हणून उभ्या पट्ट्या पाडतात, प्रत्येकी ३० मीटर रुंद आणि २७० मीटर लांब. वाटणी अगदी न्याय्य. पण आता उताराला आडवी पेरणी करायची तर ट्रॅक्टरला दर ३० मीटरवर वळण, उभी केली तर २७० मीटरवर. तासाच्या भाड्यावर ट्रॅक्टर असेल तर सगळे उभीच पेरतात. पेरणीच्या ओळी पाण्याच्या सऱ्या होतात आणि बरडाची उरलेली माती खालच्या धुऱ्याशी जाऊन बसते. दोष पेरणाऱ्याचा नाही, वाटणीच्या नकाशाचा आहे.

उपाय आहे, पण बोलणं करावं लागतं. चारही पट्ट्यांची पेरणी एकत्र, आडवी. हद्दीचे दगड जागचे हलवायचे नाहीत. हद्दीच्या रेषेवर खुंट्या रोवून ठेवा, कापणी आपापल्या पट्टीची.

आता कागद. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमधे असतं. एक एकर म्हणजे ४० गुंठे, साधारण ०.४० हेक्टर. पोटखराब, म्हणजे पिकाखाली न येणारं क्षेत्र, किती ते वाचा, नाला किंवा खडक असेल तर तिथं दिसतो. इतर हक्कांचा रकाना सोडू नका, बोजा, कूळ, विहिरीतला हिस्सा तिथंच असतो. पण हद्द आणि वाट सातबाऱ्यावर कळत नाही, त्यासाठी गट नकाशा आणि पोटहिस्सा झाला असेल तर फाळणी नकाशा. नकाशावर नाला एकीकडं आणि प्रत्यक्षात दुसरीकडं असेल तर मोजणी करून घ्या, बांध त्यानंतर.

वाटेचं असं: नवीन वाट हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३, तहसीलदाराकडं अर्ज. आधीपासून असलेली वाट कोणी अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. लोक चुकीच्या कलमाखाली अर्ज करतात, तो फेटाळला जातो, तोवर सहा महिने उलटतात.

वखरवाला
हे पहिल्यांदा कोनी सरळ शब्दात सांगतलं. जतन करून ठेवतो.

झाडीपट्टी
सगळी चर्चा वऱ्हाडात अडकली जी. वैनगंगेच्या अंगाला या जरा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर इथं धान आहे, इथं कल पाहणं म्हणजे बांधी, बांध घालून पाणी धरलेला धानाचा तुकडा, पाहणं.

आमच्याकडं मातीची नावंच कल सांगतात. वरच्या अंगाला बरडी आणि खरडी, मधात मोरांड, खाली खोलगटात कन्हार. ‘माझी मोरांड आहे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला उतारावरची जागा, पाणी किती दिवस धरेल आणि हलका धान लावायचा की भारी, तिन्ही कळतं. हलका म्हणजे लवकर येणारा, तो वरच्या बांधीत. भारी धान उशिरा येतो, त्याला खालची ओल लागते. उलट केलं तर वरचा धान निसवताना, म्हणजे लोंब्या बाहेर पडताना, वाळतो.

आणि मामा तलाव. माजी मालगुजारी तलाव बांधणाऱ्यांनी, त्यात कोहळी समाज पुढं, खोरं कुठं आखडतं ते पाहून पाळ, म्हणजे तलावाचा बांध, घातली. तलावाचं पाणी बांधीतून बांधीत उतरतं. म्हणून मधल्या एकानं बांधी खोल केली किंवा बुजवून घर बांधलं की खालच्या सगळ्यांचं पाणी तुटतं. जमिनीचा कल आणि गावाचा कल इथं वेगळे करताच येत नाहीत.

सातबारादादांनी पूर्व विदर्भातले दोन कागद सोडले. संहितेच्या कलम १६१ चं निस्तार पत्रक आणि कलम १६५ चं वाजिब-उल-अर्ज. पहिल्यात गावाच्या पडीत जमिनीवरचे हक्क: चराई, सरपण. दुसऱ्यात सरकारी मालकीच्या नसलेल्या जमिनीवरचे आणि पाण्यावरचे वहिवाटीचे हक्क. तलावाखाली जमीन घेणाऱ्यानं वाजिब-उल-अर्ज वाचला नाही तर पाणी कोणाला आधी हे त्याला ऐन निसवणीच्या वेळी कळतं.

सातबारा
मान्य, सुटलंच होतं. धन्यवाद जी.

काळीभोर
तिफणभाऊंसाठी एक भर. मोजमाप कधी करायचं तेही लिहा. नळी उन्हाळ्यात, वावर मोकळं असताना. पण पाहणी पावसात: पहिला जोराचा पाऊस पडत असतानाच धुऱ्यावरून एक फेरी. पाणी कोणत्या कोपऱ्यातून शिरतं, कुठं गढूळ होतं, कुठं थांबतं, कुठून निघतं. तिथं तिथं खुंटी. दुसरी फेरी ऑगस्टमधे: पीक कुठं पिवळं, लव्हाळा कुठं दाट. लव्हाळ्याची जागा म्हणजे ओल साचण्याची जागा. नळीचे आकडे आणि पावसातल्या खुंट्या जुळल्या नाहीत तर नळी पुन्हा लावा, पाणी खोटं बोलत नाही.

तिफण
भरपूर मिळालं. वाक्य असं करतोय: ‘बांध घालण्याआधी वावराचा कल घ्या, आणि गावाचाही.’

कागदफूल
‘कल घ्या’ नको. कल घेणे म्हणजे मत विचारणे, हात वर करायला लावणे. वावराला मत नसतं. ‘कल पाहा’ म्हणा. पाहणं दोघांनाही चालतं. शिवाय सातबारादादांचा आक्षेप उरतोच, कलात मांडणी येत नाही. मी असं लिहीन: ‘बांध घालण्याआधी वावराचा आणि गावाचा कल पाहा, वाटा-हद्दी पाहा.’

वखरवाला
‘कल पाहून घ्या’ म्हना. आमच्याकडं ‘पाहून घेणे’ म्हनजे नीट निरखून पाहनं.

कागदफूल
‘तुला पाहून घेईन’ ही धमकीही तीच आहे भाऊ! पण ‘कल’ पुढं असला की गैरसमज होत नाही. चालेल.

तिफण
ठरलं: ‘बांध घालण्याआधी वावराचा कल पाहून घ्या, गावाचाही, वाटा आणि हद्दी कागदावर तपासा.’ पहिल्या प्रकरणाचं नाव ‘उतारा आणि उतार’. सातबारादादा, परवानगी आहे ना?

नळीपातळी, एकच शंका. नळी २० मीटरची आणि उताराचा फरक पट्टीच्या उंचीपेक्षा जास्त असेल तर?

नळीपातळी
मग खालच्या टोकातून पाणी सांडतं आणि सगळं मोजमाप वाया जातं. तीव्र उतारावर अंतर अर्धं करा, १० मीटर. तेही पुरत नसेल तर पाच. टप्प्याटप्प्यानं फरक वहीत मांडा आणि शेवटी बेरीज. प्रत्येक टप्प्याला खालच्या माणसानं जागा सोडायची नाही, वरच्यानं उतरून त्याच्या पुढं जायचं. दोघंही हलले की खूण हरवते.

सातबारा
परवानगी आहे.